प्लास्टर निघाल्यानंतरची लढाई

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात हाड मोडण्याची कारणे रोजच्या कामातच दडलेली असतात. पावसाळ्यात निसरड्या बांधावरून पाय घसरतो. गोठ्यात जनावराची धडक बसते. खामगाव-मेहकर रस्त्यावर मोटारसायकल आडवी होते. पुढचा क्रमही ठरलेला असतो: एक्स-रे, प्लास्टर आणि सहा आठवडे घरी. प्लास्टर कापले जाते त्या दिवशी घरच्यांना वाटते, संकट टळले. पण आतून निघणारा पाय ओळखू येत नाही. मांडी बारीक झालेली असते, पोटरी सैल पडलेली असते, कातडीवर खपल्या धरलेल्या असतात आणि घोटा जागचा हलत नाही. ‘पाय वाळला’ असे म्हणत कुणीतरी तेलाची वाटी आणते आणि चोळणे, ओढणे सुरू होते.

हाड जुळवण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीर करते. स्नायू परत मिळवण्याचे काम मात्र रुग्णाला स्वतःला करावे लागते आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातून होत नाही. या कामात ताण देण्याचे, म्हणजे स्ट्रेचिंगचे, स्थान किती आणि स्नायूंनी स्वतः भार उचलण्याचे स्थान किती, याविषयी वैद्यकशास्त्राला गेल्या शतकभरात बरेच काही कळले आहे. ते गावातल्या प्रत्येक घरात पोहोचले पाहिजे.

चौदा दिवसांत काय हरवते

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी तरुणांच्या एका पायाला मांडीपासून प्लास्टर घातले. हाड कुणाचेच मोडलेले नव्हते, त्यामुळे जे घडले ते केवळ पाय न हलवल्यामुळे घडले. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. अवघ्या ५ दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सुमारे ३.५ टक्क्यांनी घटला आणि त्याची ताकद ९ टक्क्यांनी. १४ दिवसांनंतर आकार सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाला होता, तर ताकद जवळपास २३ टक्क्यांनी.

या आकड्यांतून दोन गोष्टी समजतात. पहिली म्हणजे नुकसान पहिल्या आठवड्यातच सुरू होते. स्नायूंमध्ये प्रथिनांची मोडतोड आणि नवी बांधणी सतत चालू असते. स्नायूवर भार येईनासा झाला की नवी बांधणी मंदावते आणि जेवणातून मिळालेली प्रथिनेही तिथे पूर्वीसारखी वापरली जात नाहीत. दुसरी म्हणजे आकारापेक्षा ताकद कितीतरी वेगाने जाते. स्नायू आकुंचन पावतो तो मेंदूच्या आज्ञेने. महिना-दीड महिना ती आज्ञा गेली नाही की स्नायूतले सगळे तंतू एकाच वेळी कामाला लावण्याची मेंदूची सवय मोडते. प्लास्टर निघाल्यावर ‘पाय उचलावा म्हटलं तरी उचलत नाही’ असे रुग्ण म्हणतो, ते यामुळे. त्यात आळस नसतो.

मेंदूचा हा वाटा किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या एका प्रयोगाने दाखवले. त्यात निरोगी लोकांचे मनगट ४ आठवडे जखडून ठेवले होते. एका गटाने काहीच केले नाही, त्यांच्या मनगटाची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या गटाने आठवड्यातून पाच दिवस मनगट जोर लावून वाकवत असल्याची केवळ कल्पना केली, त्यांची ताकद सुमारे २४ टक्क्यांनीच घटली. हे निष्कर्षही २०१४ सालचेच आहेत.

स्नायू आखूड का होतो

हात किंवा पाय ‘आखडतो’ म्हणजे काय होते? स्नायूचा प्रत्येक तंतू एकापुढे एक जोडलेल्या अतिसूक्ष्म घटकांचा बनलेला असतो, साखळीत कड्या असाव्यात तसा. या घटकाला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाइतकी असते, आणि एका तंतूत असे हजारो घटक असतात. तंतूची लांबी या घटकांच्या संख्येवर ठरते.

१९७२ साली फ्रान्समधल्या ताबारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या पोटरीतल्या एका स्नायूवर केलेला प्रयोग आजही पायाभूत मानला जातो. पोटरी आखूड राहील अशा स्थितीत पाय प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा त्या स्नायूतले सुमारे ४० टक्के घटक नाहीसे झाले. पोटरी ताणलेली राहील अशा स्थितीत ठेवला, तेव्हा घटक सुमारे २० टक्क्यांनी वाढले. म्हणजे स्नायू ज्या लांबीत राहतो, त्या लांबीला साजेशी आपली रचना तो बदलतो. म्हणूनच घोट्याला प्लास्टर घालताना शक्य असेल तिथे डॉक्टर पाऊल काटकोनात ठेवतात.

या प्रयोगाचा पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. प्लास्टर काढल्यावर मांजरे नेहमीसारखी चालू-फिरू लागली, आणि साधारण ४ आठवड्यांत घटकांची संख्या पूर्ववत झाली. कुणी त्यांचे पाय धरून ओढले नव्हते. वापर सुरू झाला आणि लांबी परत आली.

आखडण्यात सांध्याचाही भाग असतो. सांध्याभोवतीचे आवरण न हलल्यामुळे जाड आणि ताठ होते, सूज राहिली तर पापुद्रे एकमेकांना चिकटतात. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि तो द्रव हालचालीमुळे खेळता राहतो. त्यामुळे हालचाल ही कूर्चेचीही गरज आहे.

विश्रांतीचा जमाना आणि मुंबईची पोलिओची साथ

हॉलंडचे लष्करी शल्यविशारद अँटोनियस मॅथायसन यांनी १८५२ साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांची पद्धत जगापुढे मांडली. मोडलेले हाड स्थिर ठेवण्याचे स्वस्त आणि भरवशाचे साधन त्यामुळे हाती आले. पण त्याच्या यशाबरोबर एक समजही पक्का झाला: जितकी विश्रांती अधिक, तितके बरे. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचे हातपायही महिनोन्‌महिने खपच्च्यांत आणि प्लास्टरमध्ये बांधून ठेवले जात.

या समजाला ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने आव्हान दिले. गरम लोकरी कपड्यांचा शेक, हलक्या हालचाली आणि स्नायूला पुन्हा काम शिकवणे, ही तिची पद्धत. १९४० साली ती अमेरिकेत गेली आणि मोठ्या वादानंतर तिथल्या दवाखान्यांनी खपच्च्या सोडायला सुरुवात केली. आजाराविषयीच्या तिच्या काही कल्पना पुढे टिकल्या नाहीत, पण अवयव बांधून ठेवण्यापेक्षा त्याला काम द्यावे हा तिचा आग्रह टिकला.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे शिक्षण उभे राहिले त्यामागेही पोलिओच होता. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. त्याच सुमारास शहरात पोलिओची मोठी साथ पसरली आणि मुलांना चालते करणारी प्रशिक्षित माणसे देशात जवळजवळ नाहीत, हे उघड झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले, ते देशातले पहिले. पाठोपाठ १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा तालुक्याच्या गावी भेटणारे फिजिओथेरपिस्ट याच परंपरेतले आहेत. प्लास्टर काढल्यावर त्यांच्याकडे एक-दोनदा जरी जाता आले, तरी घरी करायच्या व्यायामाची दिशा बरोबर राहते. तेवढ्यासाठी एसटीचे तिकीट काढणे नक्कीच योग्य आहे.

लोखंडी बूट

दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात मांडीचे हाड मोडलेले आणि गुडघा जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून होते. त्यांना हलके वजन अनेकदा उचलायला लावण्याची रीत होती आणि प्रगती फार हळू होती. तिथल्या थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरांना लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळवले होते आणि वजने उचलून त्यांनी स्वतःचे शरीर पुन्हा कमावले होते. सैनिकांच्या पायात त्यांनी लोखंडी बूट अडकवले, त्यावर चढती वजने लावली आणि मोजक्याच पण जोर लागेल अशा फेऱ्या करून घेतल्या. १९४५ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या ७ संचांऐवजी पुढे १० फेऱ्यांचे ३ संच पुरेसे ठरले. जगभरच्या व्यायामशाळांत आज हीच पद्धत चालते.

त्यातले तत्त्व असे: स्नायूला आज जेवढे सहज जमते त्याहून थोडे जास्त काम द्यावे. ते जमू लागले की पुन्हा थोडे वाढवावे.

मग ताण देण्याने किती मिळते?

ऑस्ट्रेलियात घोट्याचे हाड मोडून प्लास्टर निघालेल्या १५० रुग्णांचे तीन गट केले होते. एकाने फक्त व्यायाम केला. दुसऱ्याने व्यायामासोबत रोज थोडी मिनिटे पोटरीला ताण दिला, तिसऱ्याने रोज अर्धा तास. ४ आठवड्यांनंतर आणि पुढे ३ महिन्यांनंतरही तिन्ही गटांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. हा अभ्यास २००५ सालचा. आखडलेल्या सांध्यांवर ताण देण्याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. केवळ ताण देत राहिल्याने सांध्याच्या हालचालीत रुग्णाला जाणवेल इतकी सुधारणा होत नाही, असाच त्याचाही निष्कर्ष होता.

याचा अर्थ ताण देऊ नये असा नाही. हळुवार ताणाने आखडलेपणाची भावना कमी होते, भीती जाते, हालचालीची हद्द कळते आणि पुढच्या व्यायामाला अंग मोकळे होते. पण तो तयारीचा भाग आहे. दिवसभर पाय ओढून घेतला आणि त्यावर भार टाकलाच नाही, तर मांडी भरणार नाही आणि उतारावर गुडघा दगा देईल. व्यायामाला १५ मिनिटेच मिळत असतील, तर त्यातली १० ताकदीच्या व्यायामाला द्यावीत.

प्लास्टर असतानाच सुरुवात

प्लास्टरच्या आतही स्नायू आवळता येतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मांडीचा स्नायू घट्ट आवळून ५ पर्यंत मोजावे, सैल सोडावे. असे १० वेळा, दिवसातून चार-पाचदा. प्लास्टरबाहेरची बोटे सतत हलवत राहावीत. हाताला प्लास्टर असेल तर खांदा रोज पूर्ण वर न्यावा. मनगट मोडले आणि खांदा आखडला, असे झालेले रुग्ण थोडे नाहीत. चांगल्या हातापायाचा व्यायाम सोडू नये. एका बाजूच्या व्यायामाने दुसऱ्या बाजूची ताकदही काही प्रमाणात वाढते, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसून आले होते. आणि डोळे मिटून जखडलेला स्नायू जोराने आवळत असल्याची कल्पना करावी. त्याला पैसा लागत नाही.

एक इशारा मात्र घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. प्लास्टर घातल्यावर वेदना वाढतच गेली, बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा दुसऱ्याने बोट हलकेच सरळ केले तरी कळ असह्य झाली, तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठावा. घट्ट बांधलेल्या हाताचे स्नायू असे कायमचे निकामी होतात, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली नोंदवले होते. घट्ट आवळलेल्या बांबूच्या कामट्यांखालीही तेच होऊ शकते.

प्लास्टर निघाल्यावर: पाय

पायावर किती वजन टाकायचे हे डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतात. तोवर बसूनच व्यायाम करावा. कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे पाय ठेवावा. कातडीला चटका जाणवायला वेळ लागत असेल तर पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावे. मग पाऊल वर-खाली आणि आत-बाहेर स्वतःच्या जोरावर फिरवावे. पाय सरळ ठेवून तळव्याभोवती गमछा घालावा, दोन्ही टोके धरून पाऊल आपल्याकडे ओढावे. पोटरीत ओढ जाणवेल पण कळ येणार नाही इतपत, ३० सेकंद, तीन-चार वेळा. झटके देऊ नयेत.

वजन टाकण्याची परवानगी मिळाली की भार वाढवायचा. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे. मग भिंतीला धरून दोन्ही टाचा उचलणे आणि सावकाश खाली आणणे. ते १० वेळा सहज जमले की वजन हळूहळू दुखऱ्या पायाकडे वळवायचे आणि शेवटी त्या एकाच पायावर टाच उचलायची. घराच्या पायरीवर चढ-उतार हाही उत्तम व्यायाम आहे. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे मुद्दाम जबरदस्तीने करू नये, गुडघा आणि घोटा वाकू लागले की ते परत येते.

हात

मनगट वर-खाली वाकवणे, तळहात आकाशाकडे आणि जमिनीकडे फिरवणे, मूठ पूर्ण मिटणे आणि बोटे पूर्ण पसरणे, हे पहिल्या दिवसांचे काम. पुढे ओला कपडा पिळणे, कणीक मळणे. चढत्या वजनासाठी पाण्याची बाटली घ्यावी: एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो. पाव बाटलीपासून सुरुवात करून दर काही दिवसांनी पाणी वाढवत नेले, की डीलॉर्म यांचीच पद्धत घरी चालू झाली असे समजावे.

व्यायामानंतर थोडे दुखणे अपेक्षित आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरले तर मात्रा बरोबर. सूज वाढली किंवा रात्रीची झोप गेली, तर मात्रा निम्मी करावी. व्यायाम बंद करू नये. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दम लागला किंवा छातीत दुखले, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. हात सतत जळजळत असेल, चकचकीत दिसत असेल, स्पर्शही सहन होत नसेल, तर तेही दाखवावे.

मालिश आणि ओढाताण

हलक्या हाताने तेल लावल्याने कोरडी कातडी मऊ होते आणि बरे वाटते, त्यात वावगे काही नाही. धोका आहे तो जोराने चोळण्यात आणि सांधा बळजबरीने वाकवण्यात. कोपराच्या दुखापतीनंतर, विशेषतः मुलांमध्ये, अशा जबरदस्तीने स्नायूच्या आतच हाड धरू लागते आणि कोपर कायमचा अडकू शकतो. प्रेमापोटी हात ओढणाऱ्या आजीला हे माहीत नसते, म्हणून ते आधीच सांगायला हवे. मुलांचा कोपर त्यांनी स्वतःच, खेळता-खेळता हलवावा.

वय आणि ताट

कोपनहेगनमधल्या २००९ सालच्या अभ्यासात तरुण आणि साठी ओलांडलेले असे दोन गट २ आठवडे एक पाय जखडून राहिले, मग ४ आठवडे त्यांनी व्यायाम केला. तरुणांचे स्नायू भरून आले, ज्येष्ठांचे पूर्ण आले नाहीत. म्हणून ‘आता वय झालं, कशाला व्यायाम’ हा विचार उलट आहे. वय जास्त असेल तर व्यायामाची गरज अधिक असते आणि तो अधिक काळ करावा लागतो.

स्नायू बांधायला प्रथिने लागतात. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. दुखापतीतून उठणाऱ्या ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ १.२ ते १.५ ग्रॅमची शिफारस करतात, मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. वऱ्हाडातल्या घरात ही गरज बाहेरच्या पावडरीशिवाय भागते. ५० ग्रॅम तूरडाळीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८. हरभरा, शेंगदाणे आणि आपल्याच शिवारातले सोयाबीन आहेतच. हे सगळे एका जेवणात न घेता तिन्ही वेळच्या ताटात वाटून घ्यावे. बिडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो, तेवढे दिवस तरी ती बंदच ठेवावी.

पुन्हा कामाला

व्यायाम टिकतो तो पुढे काहीतरी गाठायचे असेल तेव्हा. पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी लोणार, मेहकर, जानेफळ या वाटेने खामगावकडे जाते. पालखीसोबत गावाच्या शिवेपर्यंत चालायचे, असे कुणी ठरवले तर ते उत्तम ध्येय आहे. कुणाला सोयाबीनच्या सोंगणीला उभे राहायचे असेल, कुणाला कापूस वेचायचा असेल, कुणाला पाण्याची घागर उचलायची असेल. ध्येय ठरले की त्याचे तुकडे पाडावेत: आधी अंगण, मग गल्ली, मग शेताची वाट. नांगरलेल्या ढेकळांतून चालणे, जड पोते उचलणे आणि मोटारसायकल चालवणे सर्वांत शेवटी, डॉक्टरांच्या संमतीने.

प्लास्टर कापले जाते तेव्हा दवाखान्यात गर्दी असते आणि बोलायला वेळ थोडा. म्हणून तीन प्रश्न घरूनच ठरवून न्यावेत. या हातापायावर आजपासून किती भार टाकू? कोणती हालचाल अजून करायची नाही? पुन्हा दाखवायला कधी येऊ? उत्तरे लिहून घ्यावीत आणि सोबतच्या माणसालाही ऐकवावीत. हाड जुळले आहे आणि किती भार टाकायचा हे माहीत आहे, एवढे हाती असले की बाकीचे काम घरच्या खुर्चीवर, पायरीवर आणि पाण्याच्या बाटलीने होते. ते त्याच संध्याकाळी सुरू करावे.